वसाहतीलगतच्या तलावाची पावसाळ्यातील पातळी किती ठेवावी?

शहरातील एका जुन्या तलावाच्या सांडव्याखाली, नाल्याच्या काठाने वसलेल्या वसाहतीतील एका रहिवाशाचा प्रश्न असा आहे. दर पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो, सांडव्यावरून पाणी सुटते आणि दोन-तीन वर्षांतून एकदा ते तळमजल्यांत शिरते. मे महिन्यात तलाव काही प्रमाणात रिकामा करून घ्यावा, अशी निम्म्या रहिवाशांची मागणी आहे. उरलेल्यांना भरलेला तलाव हवा आहे, कारण त्यांच्या विहिरी आणि बोअरवेल त्याच्या पाझरावर चालतात. पातळी नेमकी किती खाली ठेवावी, सांडव्यावर दरवाजे बसवले तर हा प्रश्न सुटेल का आणि गाळ काढण्याचा उपयोग होईल का, हे त्यांनी विचारले आहे.

माझे बहुतेक काम लहान तलावांच्या सांडव्यांवर आणि त्यांच्याखालच्या नाल्यांवर झाले आहे. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात उत्तर देतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाण्याची पातळी सांडव्याच्या माथ्यापेक्षा साधारण अर्धा ते एक मीटर खाली राहील, अशी कायमची सोय करावी. ही पातळी मे महिन्यात एकदा उतरवून भागत नाही, प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती आपोआप पुन्हा खाली यायला हवी. मात्र यामुळे थांबतो तो मध्यम पूर. मोठा पूर तलावातल्या मोकळ्या जागेत मावत नाही, त्याला सांडव्याखालची वाटच मोकळी लागते. हे दोन्ही मुद्दे एकमेकांना पर्याय नाहीत, आणि वसाहतींच्या बैठकांत नेमकी तिथेच गल्लत होते, म्हणून पुढचे गणित सविस्तर मांडतो.

तलावाच्या बाबतीत तीन पातळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली सांडव्याच्या माथ्याची, जिथे तलाव भरून पाणी वाहू लागते. दुसरी महत्तम पूर पातळी, म्हणजे संकल्पित (बांधताना गृहीत धरलेल्या) पुराच्या वेळी पाणी जास्तीत जास्त जिथवर चढेल ती. तिसरी मातीच्या पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, माथ्याची. महत्तम पूर पातळी आणि पाळीचा माथा यांच्यामध्ये राखलेली मोकळी उंची, जिला अभियंते फ्रीबोर्ड म्हणतात, ती लाटांसाठी आणि अनपेक्षित गोष्टींसाठी असते आणि तिच्यात साठा धरायचा नसतो. पूर सामावतो तो पाऊस सुरू होताना असलेल्या पातळीपासून वर. तलाव आधीच सांडव्याच्या माथ्यापर्यंत भरलेला असेल, तर येणाऱ्या पाण्याचा काही भाग सांडव्यावरच्या थरात थोडा वेळ थांबतो, बाकीचे जवळजवळ आले तसे खाली जाते. काठोकाठ भरलेला तलाव पुरापासून आपले रक्षण करतो, ही समजूत अनेकांच्या मनात पक्की असते. तलावाखाली राहणाऱ्यांनी ती सर्वांत आधी सोडावी.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे कोणत्याही एका तलावाचे नाहीत, परंतु शहरातल्या मध्यम तलावाला शोभतील असे आहेत. पाणलोट क्षेत्र ४ चौरस किलोमीटर, तलावाचे पाणी पसरलेले क्षेत्र २० हेक्टर, सांडव्याची लांबी २० मीटर, आणि खालच्या नाल्यावर रस्त्याखाली एक मोरी, जिच्यातून सेकंदाला १५ घनमीटर पाणी जाऊ शकते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,००० घनमीटर पाणी पडले. १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि वस्ती दाट असल्यामुळे त्यातला ७० टक्के वाहून आला, तर तलावात २ लाख ८० हजार घनमीटर येवा होतो, म्हणजे तेवढे पाणी आत येते. २० हेक्टरच्या तलावात हे सगळे पाणी अडवायचे म्हटले, तर पातळी १.४ मीटर चढेल. हे पाणी तीन तासांत आले असे धरले, तर सरासरी येवा सेकंदाला २६ घनमीटर होतो, म्हणजे मोरीच्या क्षमतेच्या पावणेदोनपट.

सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या थराच्या उंचीबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. रुंद माथ्याच्या २० मीटर लांबीच्या सांडव्यावर अर्धा मीटर पाणी असेल तेव्हा सेकंदाला सुमारे १२ घनमीटर वाहते, आणि तेच पाणी एक मीटर झाले की ३४ घनमीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. यावरून आपल्या मोरीला झेपेल अशी मर्यादा निघते. सांडव्यावर साधारण ५८ सेंटिमीटर पाणी असेपर्यंत मोरी ते ओढते, त्यापुढे पाणी रस्त्यावर चढू लागते.

या आकड्यांवर येवा आणि विसर्गाचा ताळमेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने मांडला, तर असे दिसते. तलाव माथ्यापर्यंत भरलेला असताना पाऊस सुरू झाला, तर सुमारे पावणेदोन तासांत ती ५८ सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली जाते आणि शेवटी सांडव्यावर सुमारे ७४ सेंटिमीटर पाणी चढून विसर्ग सेकंदाला २२ घनमीटरवर पोहोचतो. मोरी १५ ओढते, उरलेले ७ घनमीटर प्रत्येक सेकंदाला वसाहतीत शिरते. हाच पाऊस तलाव माथ्यापेक्षा ६० सेंटिमीटर खाली असताना पडला, तर पहिला सव्वा तास पाणी नुसते तलाव भरण्यात जाते, सांडवा त्यानंतर सुरू होतो, आणि पाऊस ओसरताना विसर्ग जेमतेम १५ घनमीटरपर्यंत येतो. मोरी पूर्ण भरून वाहते, पण घरे कोरडी राहतात. पातळी एक मीटर खाली असती, तर विसर्ग सात-साडेसात घनमीटरच्या पुढे गेलाच नसता. खऱ्या पुराचा येवा असा एकसारखा नसतो, त्याला मध्येच टोक येते, म्हणून प्रत्यक्षातले आकडे याहून थोडे वाईट निघतील. मात्र दिशा हीच राहते.

आता तोच तलाव, तेच ६० सेंटिमीटर, पण पाऊस १०० ऐवजी १५० मिलिमीटर. तलाव भरलेला असता तर विसर्ग ३४ घनमीटरपर्यंत गेला असता. ६० सेंटिमीटर खाली ठेवल्यामुळे तो ३० वर थांबतो. मोरी १५ चीच आहे. म्हणजे घरांत पाणी शिरणारच, फक्त ते तासभर उशिरा आणि थोडे कमी शिरेल. त्या तासाचे मोल आहे, कारण तेवढ्यात म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर जाऊ शकतात आणि वाहने हलवता येतात. परंतु त्याला पूरनियंत्रण म्हणता येणार नाही. एवढ्यासाठी पातळीची मागणी करणाऱ्या प्रत्येक वसाहतीला मी आधी खालच्या नाल्याची आणि मोरीची क्षमता मोजायला सांगतो. तो आकडा हातात नसेल, तर पातळी किती खाली ठेवावी या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही.

याबाबत महाराष्ट्रात अलीकडे घडलेली सर्वांत बोलकी घटना नागपूरच्या अंबाझरी तलावाची आहे. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १८७० मध्ये हा तलाव बांधला गेला. त्याच्या सांडव्यातून वाहणारे पाणी नाग नदीतून शहराच्या ऐन मध्यातून जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून जोरात वाहिला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या वसाहतींत लोक झोपेत असताना पाणी शिरले. हजारो घरांना त्याची झळ पोहोचली आणि माणसे दगावली. पुढे सांडव्यासमोरच्या स्मारकामुळे आणि नदीपात्रातल्या बांधकामांमुळे प्रवाह अडला का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. तलावाच्या नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तारीख.

सप्टेंबरचा चौथा आठवडा म्हणजे तलाव भरलेला, जमीन पाण्याने तुडुंब झालेली आणि विहिरी काठाला आलेल्या. त्या वेळी पडलेल्या पावसाला मुरायला जागा नसते आणि थांबायलाही नसते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूरही याच आठवड्यातला. कात्रजच्या डोंगरातून उतरणारे आणि तिथल्या पेशवेकालीन तलावांपासून पुढे येणारे पाणी सहकारनगर, अरण्येश्वर परिसरातल्या वस्त्यांतून घुसले. एका बाजूला तलाव पूर्ण भरून घेण्याची घाई याच दिवसांत असते, कारण पुढे आठ महिने पाऊस नाही. दुसऱ्या बाजूला पुराची जोखीम याच दिवसांत मोठी असते. जूनमधला पूर क्वचितच तलावामुळे येतो, तो तुंबलेल्या गटारांमुळे येतो. तलावाची पातळी मेमध्ये नव्हे, तर ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सांभाळायची असते.

आपल्या उदाहरणातला तलाव मे महिन्यात ६० सेंटिमीटर उतरवला, तर ती जागा १ लाख २० हजार घनमीटरची होते. पाणलोटातून ३० मिलिमीटर पाणी वाहून आले की ती भरते, म्हणजे जून संपण्याआधीच्या एका बऱ्या पावसाचे ते काम. जुलैपासून आपण पुन्हा काठोकाठ. म्हणून मेमध्ये पंप लावून केलेला उपसा फोटोपुरता चांगला दिसतो, पुराच्या दृष्टीने तो वाया जातो. उपाय असा की सांडव्यातच एक खालची खाच ठेवावी. दीड मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल अशी एक खाच या तलावाच्या सांडव्याला असेल, तर प्रत्येक पावसानंतर माथ्यापर्यंत आलेले पाणी, आत नवीन पाणी येत नसेल तेव्हा, पहिल्या दिवशी सुमारे ३० सेंटिमीटर आणि साडेतीन दिवसांत ५० सेंटिमीटर उतरते. कुणी येऊन काही उघडावे लागत नाही आणि वीज लागत नाही. विसर्ग सेकंदाला घनमीटर-सव्वा घनमीटरच्या वर जात नाही, तो नाल्याला जाणवतही नाही. पुढचा जोरदार पाऊस चार-पाच दिवसांनी येईल तेव्हा जागा तयार असते. लागोपाठ दोन दिवस कोसळला तर ती तयार नसते, हेही स्पष्ट सांगायला हवे.

पातळी उतरवण्याच्या वेगाला मर्यादा आहे आणि ती केवळ नाल्याची नाही. मातीची पाळ पाण्याने भिजलेली असते. आतल्या बाजूचे पाणी झपाट्याने ओसरले, तर मातीतले पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नाही आणि आतला उतार घसरू शकतो. जुन्या पाळींच्या बाबतीत दिवसाला साधारण ३० सेंटिमीटर ही सावध मर्यादा मानली जाते. त्यामुळे हवामान खात्याचा रेड अलर्ट आला म्हणून एका रात्रीत तलाव दीड मीटर उतरवा, अशी मागणी कुणी केली तर ती मान्य करू नये. शिवाय ते बहुधा शक्यही नसते. विमोचकाची, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या झडपेची, ६०० मिलिमीटर व्यासाची नळी दोन मीटर पाण्याखाली पूर्ण उघडली, तरी तिच्यातून सेकंदाला एक घनमीटरच्या आसपास पाणी जाते, म्हणजे २० हेक्टरच्या तलावात दिवसाला जेमतेम ४५ सेंटिमीटर, तेही आत थेंबभर पाणी येत नसेल तर. ताशी ५०० घनमीटर उपसणारा मोठा पंप चोवीस तास चालवला, तर पातळी सहा सेंटिमीटर उतरते. नागपूरसारख्या शहरात डॉप्लर रडार आहे आणि हवामान खाते पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देते. पण तो अंदाज माणसांना सावध करण्यासाठी वापरायचा असतो, तलाव रिकामा करण्यासाठी नाही. तलाव दिवसांच्या हिशोबाने उतरतो, ढग तासांच्या हिशोबाने फुटतो.

दरवाजांबद्दल माझे मत सावध आहे. दरवाजा बसवला की सांडव्याची उंची बदलता येते, हे खरे. परंतु लहान तलावावर रात्री दोन वाजता तो कोण उघडणार, हा प्रश्न कागदावर कुणी सोडवत नाही. मोठ्या धरणावर चोवीस तास माणसे असतात, पर्यायी जनित्र असते, वरच्या पाणलोटातून येव्याची खबर काही तास आधी मिळते. चार चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून पाणी तासाभरात येऊन धडकते. उघडायचा राहिलेला दरवाजा म्हणजे उंच केलेला सांडवा, आणि उंच केलेला सांडवा म्हणजे पाळीवरून पाणी जाण्याची शक्यता. राधानगरी धरणासारखे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडणारे दरवाजे हा एक मार्ग आहे, पण त्यांचीही देखभाल वर्षानुवर्षे नेमाने करावी लागते. लहान तलावाला मी खाचेत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्या, घालण्याची सोय सुचवतो, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला असते तशी, आणि नियमही तोच ठेवायचा: पावसाळ्याआधी बर्गे काढायचे आणि पाऊस संपल्यावर टाकायचे. भर पुरात बर्गे काढू असे कुणी म्हणाले, तर त्यावर विसंबू नये. पाण्याच्या दाबाने ते खाचेत घट्ट बसतात, फांद्या आणि जलपर्णी त्यांच्यावर अडकतात आणि काढायला गेलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो. पावसाळाभर ते गोदामात कुलूपबंद असावेत आणि किल्ली कुणाकडे आहे, हे नोंदलेले असावे.

सांडव्याला हात लावायचा नसेल किंवा तशी परवानगी मिळत नसेल, तर पाळीवरून नेलेली वक्रनलिका (सायफन) हा पर्याय उरतो. तिच्यात एकदा पाणी भरून हवा काढली की ती स्वतःहून ओढत राहते आणि आतले तोंड ज्या पातळीला ठेवले आहे तिथे पाणी आले की थांबते. पाळ फोडावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. नळीचा विसर्ग थोडा असतो, म्हणून अशा नळ्या एकाहून अधिक लागतात.

गाळाबद्दल थोडे परखड लिहितो, कारण यावर फार पैसा खर्च होतो. गाळ काढल्याने तलावाचा साठा वाढतो, उन्हाळ्यात पाणी टिकते, विहिरींना पाझर वाढतो, आणि गाळ शेतात पडला तर जमीन सुधारते. हे सगळे लाभ खरे आहेत आणि त्यासाठी गाळ अवश्य काढावा. परंतु सांडव्याच्या माथ्याखाली चार मीटरवर काढलेल्या गाळाने जी जागा झाली, ती जुलैपर्यंत पाण्याने भरलेली असते. सप्टेंबरच्या पुराला तिचा काहीही उपयोग नाही. पुराला उपयोगी पडते ती फक्त वरची जागा, म्हणजे पाऊस सुरू होताना पाणी जिथे आहे तिथपासून वरची. गाळ काढून पूर थांबेल असे आश्वासन कुणी दिले, तर त्याला हा एकच प्रश्न विचारावा: सप्टेंबरमध्ये ती जागा रिकामी कशी राहणार आहे? सांडव्याच्या तोंडाशी आणि त्याच्यापुढच्या नाल्यात साचलेला गाळ मात्र वेगळा. तो दर वर्षी मेमध्ये निघालाच पाहिजे, आणि तो काठावर ढीग घालून न ठेवता वाहून न्यायला हवा, नाहीतर पहिल्या पावसात तो परत आत येतो.

सांडव्याच्या माथ्यावरची राखण हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. तलाव अधिक भरावा म्हणून कुणी माथ्यावर वाळूची पोती ठेवते, कुणी दगड रचून वीतभर उंची वाढवते, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मच्छीमार जाळी लावतात. पुरात त्या जाळीवर जलपर्णी, निर्माल्य आणि प्लास्टिक चढते आणि जाळीची भिंत होते. गणेशविसर्जन बहुधा भाद्रपदातल्या भरलेल्या तलावात होते, म्हणून त्या आठवड्यात सांडव्याची तपासणी रोज व्हावी. मासेमारीचे कंत्राट देताना जाळीचा मुद्दा करारात लिहून घ्यावा आणि जाळी लावायचीच असेल, तर ती सांडव्यापासून बरीच आत, पाण्यात, तिरपी आणि जास्त लांबीची लावावी, म्हणजे ती तुंबली तरी पाण्याला वाट राहते.

सांडव्याखालच्या नाल्याकडे पाहताना आधी सर्वांत अरुंद जागा शोधावी, कारण पुराचे माप तीच ठरवते. सेकंदाला ३४ घनमीटर वाहून नेणारा सांडवा आणि त्याच्याखाली १५ घनमीटरची मोरी, अशी जोडी शहरात सर्रास दिसते. सांडवा तलाव बांधणाऱ्याने पाळ वाचवण्यासाठी ठरवला, मोरी पुढे रस्ता बांधणाऱ्याने रस्त्याच्या रुंदीवरून ठरवली, आणि दोघांची गाठ पडलीच नाही. पातळी ६० सेंटिमीटरऐवजी एक मीटर खाली ठेवायची की मोरी दुप्पट करायची, असा पर्याय समोर आला, तर मी दर वेळी मोरीच निवडतो, कारण ती दोनशे मिलिमीटरच्या पावसातही काम करते. नदी-नाल्यांसाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली वसाहत या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे, हे नकाशावर पाहून घ्यावे. तलावाखालच्या लहान नाल्यांवर या रेषा बऱ्याचदा आखलेल्याच नसतात. तशी आखणी करून मिळावी, ही मागणी वसाहतीने लेखी करावी.

आपल्या तलावाच्या वर दुसरा तलाव असेल, तर वर मांडलेले गणित अपुरे पडते. बेंगळुरूमध्ये तलावांच्या साखळ्या आहेत, एकाच्या सांडव्यावरून सुटलेले पाणी दुसऱ्यात जाते, आणि सप्टेंबर २०२२ च्या पुरात तिथे महागड्या गृहसंकुलांतून ट्रॅक्टर आणि बोटींनी लोकांना बाहेर काढावे लागले. अशा साखळीत वरच्या तलावाने पातळी उतरवण्यासाठी सोडलेले पाणी खालच्याची जागा खाऊन टाकते. उतरवण्याची सुरुवात नेहमी सर्वांत खालच्या तलावापासून करायची आणि वर जायचे. आणि वरचा तलाव फुटला तर खालच्याचे काय होईल, हा हिशोब कुणाकडे तरी तयार असला पाहिजे.

पाळीची सुरक्षितता या सगळ्याच्या आधी येते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाची मातीची भिंत फुटली आणि खालच्या वाडीतली माणसे झोपेतच वाहून गेली. ज्या पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी गढूळ पाझर दिसतो, माथा मध्येच खचलेला आहे, किंवा उंदीर-घुशींची बिळे आहेत, त्या तलावाची पातळी आधी उतरवावी आणि मग बाकी चर्चा करावी. स्वच्छ पाझर काळजीचा असतो, गढूळ पाझर तातडीचा असतो, कारण त्यातून पाळीची माती वाहून जात असते. पाळीवरच्या मोठ्या झाडांचा विषय भावनिक आहे, हे मला कळते. अंबाझरीच्या पाळीवरील झाडांवरूनही बराच वाद झाला. परंतु मातीच्या पाळीत शिरलेली मुळे कुजली की तिथे पाण्याला नळीसारखी वाट मिळते, आणि वादळात उन्मळलेले झाड पाळीचा लचका घेऊन पडते. म्हणून पाळीवर नवीन झाड लावू नये, आणि जुने काढायचे असेल, तर केवळ बुंधा न कापता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मुळांसह काढून खड्डा थर देऊन दाबून भरावा. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. शहरातले अनेक तलाव त्याच्या कक्षेत बसत नाहीत. तेव्हा त्यांची तपासणी आपोआप होईल असे गृहीत धरू नये, ती मागून घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. तलावाची मालकी कुणाची, सांडव्याची कुणाची आणि नाल्याची कुणाची, हे आधी कागदावर शोधावे, कारण तिन्ही वेगळ्या कार्यालयांकडे असणे नेहमीचे आहे. रहिवाशांनी स्वतः सांडवा फोडणे, खाच पाडणे किंवा विमोचक उघडणे हे कधीही करू नये. ते बेकायदेशीर आहे आणि खालच्या लोकांच्या जिवाशी खेळणे आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तीन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर अर्ज तिथे करावा. अर्जात मागायची गोष्ट एका पानात मावते: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पातळी कुठे राहील, ती कुणी पाहायची, ओलांडली तर कुणाला कळवायचे आणि पाणी सोडताना खालच्या वस्तीला इशारा कसा द्यायचा. सांडव्याजवळ रंगवलेली पातळीपट्टी असावी, तिचा शून्य सांडव्याच्या माथ्यावर असावा, म्हणजे कुणालाही उभ्याउभ्या वाचता येते. वसाहतीतल्या कुणीतरी पावसाळाभर रोज सकाळी ती पातळी आणि साध्या पर्जन्यमापकातला पाऊस वहीत लिहावा. तीन पावसाळ्यांची अशी वही हातात असेल, तर अभियंता त्यावरून तुमच्या तलावाचे गणित माझ्या काल्पनिक उदाहरणापेक्षा कितीतरी नेमके मांडू शकतो.

शेवटचा भाग भरलेला तलाव हवा असणाऱ्यांसाठी, कारण त्यांची चिंताही रास्त आहे. खाचेत बर्गे केव्हा टाकायचे? माझा सल्ला असा की सप्टेंबर संपेपर्यंत टाकू नयेत. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. १ ऑक्टोबरला बर्गे टाकले, तर परतीच्या पावसाने आणि पाणलोटातून अजून झिरपणाऱ्या पाण्याने ६० सेंटिमीटरपैकी बराच भाग भरून निघण्याची शक्यता असते. आधी सांगितल्याप्रमाणे त्याला पाणलोटातून केवळ ३० मिलिमीटर वाहून यायला हवे. काही वर्षी ते येणार नाही आणि तलाव वीत-दोन विती अपुरा राहील. त्याचा फटका विहिरींना एप्रिल-मेमध्ये जाणवेल, त्या वर्षी पाणी जपून वापरावे लागेल आणि कदाचित टँकरही मागवावा लागेल. १५ सप्टेंबरलाच बर्गे टाकून तलाव भरून घ्यावा, असा मध्यममार्ग काही जण सुचवतात. नागपूर आणि पुणे या दोन्ही ठिकाणचे पूर त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत आले, म्हणून तो मला मान्य नाही.